भोंगाताईंची साक्ष

भोंगाताई शहरात बस चालवायच्या. त्यांचं खरं नाव काय, हे इमारतीत कुणाला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हे नाव पोरांनी ठेवलेलं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून त्या खाली दूधवाल्याला "आज नको" म्हणाल्या, की समोरच्या इमारतीतल्या एक-दोन बायकाही दूध न घेताच परत फिरायच्या, असा तो आवाज. एकदा एका मुलीच्या तोंडून त्यांच्यासमोरच "भोंगाताई" निघून गेलं आणि ती बिचारी पळायच्या बेतात असताना यांनी तिला थांबवून विचारलं, "कुठला भोंगा गं? मोटारीचा की आगबोटीचा?" मुलगी चाचरत म्हणाली, आगबोटीचा. ताई इतक्या खूश झाल्या, की तेव्हापासून शेजारीपाजारी, पोस्टमन, बस डेपोतले साहेबसुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारू लागले.

त्यांचं लहानपण रेल्वेच्या यार्डाला लागून असलेल्या घरात गेलं होतं. तिथे मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागायचं. हळू बोलायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नाही. नवरा लवकर गेला. एकुलती एक लेक पदरात, हातात बसचं स्टिअरिंग आणि डोक्यावर कायम दुसऱ्याचं छप्पर. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, घर सोडा. घरमालकाचं कर्ज वाढलं, भाडं वाढवा. एका मालकिणीने तर 'तुमच्या आवाजाने माझी मांजर घाबरते' म्हणून महिन्याभरात सामान बाहेर काढायला लावलं. लेकीचं लग्न होईपर्यंत त्या दोघींनी इतकी घरं बदलली, की पत्ता विचारला की दोघी आधी एकमेकींकडे बघायच्या.

म्हणून सरकारच्या भाड्याच्या घरांच्या सोडतीत त्यांचा नंबर लागला, तेव्हा त्यांनी बस डेपोच्या आवारात असा काही जल्लोष केला, की दुरुस्तीला उभ्या असलेल्या बसखालून तीन मेकॅनिक काय झालं म्हणून बाहेर आले.

घर नवंकोरं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि एक चिमुकली गॅलरी. पहिल्या संध्याकाळी ताई सामान तसंच टाकून नुसत्या खोल्या-खोल्यांतून फिरल्या. इथे पलंग, इथे लेक आली की तिची गादी, असं मोठ्याने ठरवत गेल्या. मग स्वयंपाकघरात येऊन त्यांनी दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. मग नव्या घराच्या कौतुकाने पाच-सहा वेळा खाली-वर केलं. भिंतीपलीकडून कुणीतरी अगदी हळू "अहो" म्हणालं.

झालं होतं असं, की त्या बटणाची तार शेजारच्या न्हाणीघरातल्या दिव्याला जोडलेली होती. तिथे शेजारचे गृहस्थ आरशासमोर दाढी करत होते आणि त्यांच्या डोक्यावरचा दिवा जत्रेतल्यासारखा उघडझाप करत होता. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते ताईंच्या दाराशी आले आणि त्यांनी घंटी दाबली. घंटी वाजली ती त्यांच्या स्वतःच्या घरात. आपल्याकडे कोण आलं म्हणून ते मागे वळून आपल्या दाराशी गेले, तर तिथे कुणी नाही. पुन्हा आले, पुन्हा दाबली, पुन्हा मागे गेले. शेवटी त्यांनी बोटाच्या पेराने दारावर टकटक केलं. ताईंनी दार उघडलं, तेव्हा समोर साबणाने माखलेला, अत्यंत गोंधळलेला आणि तितकाच सभ्य चेहरा होता.

हे गृहस्थ पियानो जुळवायचे. शाळांचे, सभागृहांचे, श्रीमंतांच्या दिवाणखान्यातले पियानो बेसूर झाले की त्यांना बोलावणं यायचं. फावल्या वेळात घरी व्हायोलिनं दुरुस्त करायचे. इमारतीत त्यांना सगळे सूरकाका म्हणत. उंच, सडपातळ, साठीकडे झुकलेले, लग्नाच्या भानगडीत न पडलेले. आवाज इतका मऊ, की दुकानदाराला गल्ल्यावरून वाकून त्यांच्या तोंडाजवळ कान न्यावा लागे. सरकारने भोंगाताईंच्या शेजारी नेमकं त्यांनाच घर द्यावं, ही सोडतीची कमाल.

तारा बदलायला इमारत बांधणाऱ्या ठेकेदाराचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार होता. तो पुढचा आठवडा काही उजाडला नाही. भाडेकरूने स्वतः तारांना हात लावायचा नाही, असं करारात ठळक अक्षरात लिहिलेलं. मग दोघांनी आपापसात व्यवस्था लावली. सूरकाकांना आंघोळीला जायचं असलं, की ते भिंतीवर पेराने ठोकून "दिवा" म्हणायचे आणि ताई आपलं बटण दाबायच्या. ताईंच्या स्वयंपाकघराचा दिवा अर्थातच काकांच्या न्हाणीघरातून लागायचा. ताईंकडे कुणी आलं की घंटी काकांकडे वाजायची आणि काका दार उघडून सांगायचे, "त्यांच्याकडे? बाजूला." हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं, की पुढे पुढे ते समोरच्या माणसाकडे न बघताच म्हणत.

भिंत म्हणाल तर नावालाच होती. पलीकडे चमचा पडला, तर चहाचा की जेवणाचा ते अलीकडे कळायचं. सुरुवातीला यावरून वाजलंच. ताई रोज कामावरून आल्या की लेकीला फोन करायच्या. लेकीला दिवस गेलेले, त्यामुळे बोलायला विषयांना तोटा नव्हता. काकांना त्याच वेळी व्हायोलिनची तार लावायची असायची. एक दिवस ते आले आणि फार अवघडून म्हणाले, की आपण फोनवर जरा हळू बोललात तर बरं होईल. ताईंना ते लागलं. आयुष्यभर घरमालकांकडून हेच ऐकत आलेलं. दुसऱ्या दिवसापासून त्या खाली कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर जाऊन फोन करू लागल्या. घरात मांजरासारख्या वावरू लागल्या.

असे बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी दारावर टकटक झाली. काका उभे होते. हातात काही नाही, निमित्त काही नाही.

"तुम्ही बऱ्या आहात ना?" त्यांनी विचारलं.

ताई म्हणाल्या, बरी आहे.

"नाही, म्हणजे," काका म्हणाले, "तुमच्या लेकीला काय झालं, ते मला कळलंच नाही. डॉक्टरांनी पुढच्या सोमवारी बोलावलंय, इथपर्यंत मी ऐकलं होतं. मग तुम्ही फोन खाली नेलात."

ताई हसायला लागल्या. ते हसू चारही मजल्यांना ऐकू गेलं. मुलगी झाली होती, अडीच-तीन किलोची, आजीसारखाच टिपेचा आवाज घेऊन आलेली. काकांना आत बोलावून ताईंनी चहा दिला आणि राहिलेली सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. दुसऱ्या दिवसापासून फोन घरात आला. काकांनी व्हायोलिनची वेळ बदलली. हळूहळू असं झालं, की ताई कामावरून आल्या की दोघं आपापल्या बाजूला भिंतीला पाठ लावून चहा प्यायचे. बस कुठे अडकली, कुठल्या म्हातारीने कुठल्या पोराला उठवून जागा मिळवली, हे ताई सांगायच्या. कुठल्या शाळेच्या पियानोतून उंदराचं घरटं निघालं, हे काका सांगायचे. भिंतीला तोंड नसतं, त्यामुळे लाजायचं कारण नव्हतं.

हा झाला गोड भाग. बाकी घर म्हणजे त्रासच होता. न्हाणीघराची फरशी उलट्या उताराची, त्यामुळे पाणी मोरीकडे जायच्या ऐवजी दाराकडे धावायचं. खिडक्या पूर्ण मिटत नव्हत्या. खालच्या मजल्यावरच्या एका घरात कपाटाच्या मागे ओल चढून कपड्यांना बुरशी यायची. वरच्या नर्सबाई रात्रपाळी करून दिवसा झोपायला बघायच्या, तर चारही बाजूंचा संसार त्यांच्या उशाशी. एक नवं लग्न झालेलं जोडपं तर भांडायला गच्चीवर जायचं, कारण घरात भांडलं की शेजारचे आजोबा मध्येच सल्ला द्यायचे. आणि एवढं असून दरवर्षी भाड्यात 'देखभाल' म्हणून भर पडत होती. लोकांनी सिनेमा सोडला, गावी जाणं सोडलं. एका घरात मुलीचा नृत्याचा वर्ग बंद झाला. सोडतीत घर लागलं तेव्हा केक कापलेली माणसं आता भाड्याची पावती आली की गप्प व्हायची.

इमारतीत एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं, की सरकारच्या घरांच्या धोरणाची तपासणी करायला संसदेची समिती बसली आहे आणि भाडेकरूंचंही म्हणणं ऐकणार आहे. त्यांनी सुरेख अक्षरात अर्ज लिहून पाठवला. आश्चर्य म्हणजे उत्तर आलं. इमारतीतर्फे एकाने साक्षीला यावं.

खाली जिन्याजवळ सगळे जमले. मुख्याध्यापकांनीच जावं, असं सर्वांचं मत पडलं. ते म्हणाले, अर्ज मी लिहिला, पण बोलायला भोंगाताई जातील. मागे ठेकेदाराच्या व्यवस्थापकाशी बैठक झाली, तेव्हा त्याने आपल्यातल्या एकेकाला मध्येच तोडून गप्प केलं होतं, याची त्यांनी सगळ्यांना आठवण करून दिली. या बाईंना मध्ये तोडणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ताई घरी आल्या. संध्याकाळच्या गर्दीत दुमजली बस अरुंद गल्लीत वळवणारी बाई, पण समितीपुढे बसायच्या नुसत्या विचाराने तिचा धीर सुटला. भिंतीला पाठ लावून त्या म्हणाल्या, मला नाही जमायचं. पलीकडून काका म्हणाले, काय बोलणार ते मला बोलून दाखवा.

ताईंनी बोलून दाखवलं. पहिल्याच वाक्याला गॅलरीवरची कबुतरं उडाली.

"तुम्ही सगळा दम सुरुवातीलाच खर्च करता," काका म्हणाले. "बस काय थेट टॉप गिअरमध्ये सुटते? पहिल्यावर टाका. हळू निघा. रस्ता मोकळा दिसला, की मग वाढवा."

हे ताईंना पटलं. त्यानंतर रोज चहाबरोबर तालीम सुरू झाली. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, हे काका भिंतीवर पेराने ठोकून सांगायचे. वरच्या नर्सबाई, खालचे आजोबा, सगळ्यांना ते भाषण पाठ झालं. एकदा ताई मध्येच अडखळल्या, तर पुढचं वाक्य छतातून आलं.

साक्षीच्या दिवशी ताईंनी डेपोचा गणवेशच घातला, कारण त्यात त्यांना धीर वाटायचा. दालन मोठं होतं, अर्धगोल टेबल, प्रत्येकापुढे पाण्याचा पेला आणि माइक. अध्यक्षस्थानी एक वयस्क खासदारबाई होत्या. कानात यंत्र, चष्मा नाकाच्या टोकावर. मागे लोकांसाठी बाकं होती. तिथे मुख्याध्यापक, नर्सबाई, नवं जोडपं आणि एका टोकाला सूरकाका, इस्त्रीच्या कोटात.

आधी गृहनिर्माण खात्याच्या सचिवांची पाळी होती. सज्जन माणूस, पण कागदात बघून पुटपुटणारा. घरं सर्व मानकांनुसार बांधली गेली आहेत, भाडेवाढ धोरणाला धरून आहे, असं काहीसं ते वाचत होते. अध्यक्षबाई दर दोन वाक्यांनी म्हणायच्या, "जरा मोठ्याने." वाचून झाल्यावर बाईंनी साधा प्रश्न विचारला, की तुम्ही त्या घरांत आत जाऊन बघितलंय का? सचिवांनी कागद खाली ठेवला. इकडे-तिकडे बघितलं नाही. म्हणाले, "नाही. सही केली, पण गेलो नाही."

मग भोंगाताईंना बोलावलं. त्या बसल्या, श्वास घेतला आणि शिकवल्याप्रमाणे पहिल्या गिअरमध्ये, अगदी हळू सुरू झाल्या. अध्यक्षबाई पुढे वाकल्या. "मोठ्याने बोला, बाई."

ताईंनी मागे वळून बघितलं. काकांनी हनुवटी किंचित वर उचलली. रस्ता मोकळा होता.

ताईंनी आवाज सोडला तसा माइक असा कळवळून किंचाळला, की कारकुनाने धावत येऊन तो बंदच केला. अध्यक्षबाईंनी शांतपणे कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "हां," त्या म्हणाल्या, "आता बोला." सगळं दालन हसलं, सचिवसुद्धा. त्या हसण्याबरोबर ताईंची भीती कुठल्या कुठे गेली.

मग त्या बोलल्या. पाठ केलेलं अर्धं विसरल्या, पण अडल्या नाहीत. उलट्या उताराची फरशी सांगितली, बुरशी सांगितली, नर्सबाईंची झोप सांगितली, बंद पडलेला नृत्याचा वर्ग सांगितला. शेवटी म्हणाल्या, "मी बस चालवते. आम्हीही भाडं घेतो. पण भाडं घेतलं, की माणसाला पोचवावं लागतं. मध्ये बस बंद पडली तर आम्ही पुढच्या गाडीत बसवून देतो, त्याचं वेगळं घेत नाही. इथे भाडं दरवर्षी वाढतंय आणि आम्ही आहोत तिथेच उभे आहोत."

कुणी हसलं नाही. पेनं चालत होती.

तेव्हा एक तरुण खासदार, सरकारी पक्षाचे, जरा गोड आवाजात म्हणाले, की एवढं सगळं वाईट ऐकलं. या घरात काहीतरी चांगलंही असेल ना? त्यांचा उद्देश ताईंना कोंडीत पकडायचा होता, हे सगळ्यांना दिसलं. ताईंनी मात्र प्रश्न मनापासून घेतला. सुरुवातीलाच खरं बोलायची शपथ घेतली होती.

"शेजार," त्या म्हणाल्या. "भिंत पातळ आहे, म्हणून मला शेजारी मिळाला. दिवसभर थकून आलं, की पलीकडे कुणीतरी चहा पितंय, हे कळतं. माझं बोलणं ज्याला नकोसं होत नाही, असा माणूस मला इतक्या घरांत मिळाला नव्हता."

मागच्या बाकावर सूरकाका कानांच्या टोकापर्यंत लाल झाले. अध्यक्षबाईंनी चष्मा वर सरकवला आणि बाकांकडे बघितलं. तो शेजारी कुठला, हे सांगायची कुणाला गरज पडली नाही.

"मग बाई," त्यांनी विचारलं, "भिंत जाड करायची की राहू द्यायची?"

"जाड करा," ताई म्हणाल्या. "सगळ्यांच्या करा. आमचं आम्ही बघू."

पुढच्या आठवड्यात समिती इमारतीत आली. आदल्या दिवशी ठेकेदाराने जिन्याला घाईघाईने हिरवा रंग फासला होता; तो ओलाच असल्यामुळे सचिवांची एक बाही वर पोचेपर्यंत हिरवी झाली. अध्यक्षबाईंनी ताईंच्या दाराची घंटी स्वतः दाबली. शेजारचं दार उघडलं. सूरकाका हातातल्या व्हायोलिनकडे बघतच म्हणाले, "त्यांच्याकडे? बाजूला." मग त्यांनी मान वर केली, समोर अर्धी संसद बघितली, आणि व्हायोलिन पाठीमागे लपवलं.

आत आल्यावर दिव्याचा प्रयोग झाला. काका आपल्या न्हाणीघरात जाऊन उभे राहिले आणि ताईंच्या स्वयंपाकघरात सचिवांनी बटण दाबलं. भिंतीवर टकटक झाली आणि पलीकडून मऊ आवाज आला, "लागला." सचिवांना हसू आवरेना. त्यांनी पुन्हा दाबलं. "गेला," भिंत म्हणाली. अध्यक्षबाई म्हणाल्या, मला तर काहीच ऐकू आलं नाही; पण बाकी सगळ्यांना आलं होतं. मग त्यांनी न्हाणीघरात तांब्याभर पाणी ओतलं. ठेकेदाराचा व्यवस्थापक दारात उभा राहून उताराचं शास्त्र समजावत होता. पाणी सरळ त्याच्या बुटांपाशी गेलं. त्याने समजावणं थांबवलं.

जाताना सचिव ताईंकडे चहाला थांबले. त्यांनी सांगितलं, की ते स्वतःही भाड्याच्या घरात राहतात आणि त्यांचीही खिडकी मिटत नाही. ताईंनी त्यांना कागदाची घडी करून फटीत कशी बसवायची, ते दाखवलं.

समितीचा अहवाल आला, त्यावर सभागृहात दोन दिवस वादावादी झाली, मंत्री आधी चिडले आणि मग कबूल झाले. दुरुस्ती पुरी होईपर्यंत भाडं वाढणार नव्हतं. न झालेल्या देखभालीचे पैसे पुढच्या भाड्यात वळते होणार होते. तारा, फरशा, ओल आणि भिंती ठेकेदाराने आपल्या खर्चाने नीट करायच्या होत्या. खिडक्यांचं मात्र पुढच्या वर्षावर गेलं. बातमी आली त्या संध्याकाळी नवं जोडपं गच्चीवर गेलं, ते या वेळी नाचायला. नृत्याचा वर्ग सोडलेली मुलगी त्यांना पावलं शिकवत होती.

एवढ्या आनंदात ताई मात्र जरा उदास होत्या. साक्षीच्या दिवसापासून सूरकाका बोलेनासे झाले होते. "दिवा" म्हणायचे, तेवढंच. चहाच्या वेळी पलीकडे कपाचा आवाज यायचा, पण माणसाचा नाही. आपण भर सभेत नको ते बोललो, असं ताईंना वाटू लागलं. त्यांनी लेकीला विचारलं, तर लेक फोनवर हसत सुटली. "आई, तू संसदेत मागणी घातलीस त्यांना," ती म्हणाली. "छापील नोंदीत आहे. त्यांनी अजून उत्तर दिलं नाही, एवढंच."

भिंतींचं काम ताईंच्या मजल्यावर येणार, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी बाजाराच्या थांब्यावर सूरकाका बसमध्ये चढले. चालकाच्या मागच्या बाकावर बसले. ताईंनी आरशात बघितलं, त्यांनी मान हलवली. पुढे काहीच नाही. त्यांचा थांबा आला, ते उतरले नाहीत. शाळा गेली, टाकी गेली, कारखाने गेले. माणसं उतरत गेली. ताईंचे कान मागे लागलेले, पण काका मुके. त्यांच्या डोळ्यांसमोर पाटी होती, 'चालकाशी बोलू नये', आणि ते नियम मोडणाऱ्यांतले नव्हते.

शेवटचा थांबा आला. बस रिकामी झाली. ताईंनी इंजिन बंद केलं.

"आता बोललं तर चालेल?" काकांनी विचारलं.

"थांब्यावर चालतं."

"उद्या भिंत जाड होणार."

"होणार."

"मी कानांवर जगणारा माणूस आहे," काका म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मऊ, पण प्रत्येक शब्द लावून घेतल्यासारखा. "तिकडे बसून मला तुमचं काही ऐकू येणार नाही. हे काही मला जमायचं नाही. आपण दोघांनी भिंतीच्या एकाच बाजूला राहावं, असं मला वाटतं. तुमची हरकत नसेल तर."

ताईंनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. ज्या गळ्याने माइक बंद पाडला, त्या गळ्यातून आज काही केल्या काही निघेना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि कसंबसं काहीतरी निघालं, दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसतं इतकं बारीक.

"ऐकू आलं," काका म्हणाले.

परतीच्या फेरीला बस वेळेआधी निघाली, आणि त्या दिवशी पळत येणाऱ्या प्रत्येकासाठी ताईंनी ती थांबवली.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. लेक, मुख्याध्यापक आणि नर्सबाई साक्षीदार; जावई नातीला घेऊन मागे उभा. नोंदणी अधिकाऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नाला ताईंनी "हो" म्हटलं, तेव्हा शेजारच्या दालनातल्या दुसऱ्या नवरीनेही दचकून "हो" म्हटलं, असं नर्सबाई सांगतात. खरंखोटं त्यांनाच ठाऊक.

दोघांनी मिळून एक घर ठेवायचं आणि एक सरकारला परत करायचं ठरवलं. सरकारी घर मागायला लोकांची रांग असते, परत द्यायला कधी कुणी आलेलंच नव्हतं. गृहनिर्माण कचेरीत खिडकीवरच्या बाईंना काय करावं कळेना. त्यांनी तीन वेळा विचारलं, नक्की परतच ना? शेवटी प्रकरण त्याच सचिवांपर्यंत गेलं आणि सुटलं. काकांचं घर जुळी मुलं असलेल्या एका जोडप्याला मिळालं. आतापर्यंत ते एका खोलीत चौघं राहत होते आणि पगाराचा मोठा घास घरमालकाला देत होते. किल्ली हातात आल्यावर ती बाई रिकाम्या घरातून नुसती फिरत राहिली, आणि ताई दारात उभ्या राहून तिला फिरू देत होत्या.

सामान हलवायच्या दिवशी सगळी इमारत मदतीला आली. व्हायोलिनं, खुर्च्या, पुस्तकं पटापट गेली. उरला तो काकांचा जुना, अवजड पियानो. त्याला एका दारातून काढून दुसऱ्या दारात घालायचं होतं, आणि मधला व्हरांडा अरुंद. सहा माणसांनी खांदा दिला, मुख्याध्यापक सूचना द्यायला लागले, आजोबा त्यांच्या उलट सूचना द्यायला लागले, आणि पियानो मध्येच आडवा अडकला. मग ताईंनी बाह्या सरसावल्या आणि सगळ्यांना गप्प बसवलं. "डावीकडे कापा. मागे घ्या. अजून मागे, अजून, बस. आता सरळ." पियानो लोण्यातून सुरी जावी तसा आत गेला. सगळ्यांनी दम टाकला, आणि जुळ्यांमधला एक जण आईच्या कडेवरून टाळ्या पिटू लागला.

इतका हलवल्यावर पियानोचे सूर उतरणारच. काकांनी कोट काढून ठेवला, झाकण उघडलं आणि सगळ्यांच्या गलक्यातच एकेक पट्टी वाजवून बघायला सुरुवात केली. ताई चहाला कप पुरतील का ते मोजत होत्या. पुरले नाहीत, तेव्हा नर्सबाई वरून त्यांचे घेऊन आल्या.